फिल्टर बसवला, पण गळतोय

घरदुरुस्तीचे प्रश्न, वाचकांचे

पावसाळा तोंडावर आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रंगच लाल होतो. विहिरीचं पाणी लाल, टाकीचा तळ लाल, आणि त्यावर उपाय म्हणून आणलेल्या फिल्टरखाली ठेवलेली बादली भरलेली. या वेळी फिल्टरच्या हाउसिंगबद्दलची पत्रं एकत्र घेतली आहेत. हाउसिंग म्हणजे फिल्टरचा डबा : वर पाईप जोडायची टोपी, खाली आट्यांनी बसणारा बाउल आणि आत गाळणारी कार्ट्रिज.

*प्रश्न : आमचं घर गुहागरजवळ आहे. विहिरीचं पाणी स्लॅबवरच्या टाकीत चढतं. गाळासाठी टाकीच्या उतरत्या लाइनवर वीस इंची जम्बो हाउसिंग आणलं, त्याची तोंडं एक इंची. घरातला पाईप सीपीव्हीसी, पाऊण इंची. मी आणि मुलाने मिळून दोनदा बसवलं. दुकानदाराने पितळी निपल आणि रिड्यूसर दिला होता. पहिल्यांदा आत येणाऱ्या तोंडाशी थेंब धरला. दुसऱ्यांदा टेप वाढवली, पाना मारून घट्ट केलं. दोन दिवस कोरडं राहिलं आणि तिसऱ्या दिवशी आधीपेक्षा जास्त गळायला लागलं. चुकतंय कुठे?*

उत्तर : दोन दिवस कोरडं आणि तिसऱ्या दिवशी धार, हे टेपचं लक्षण नाही, टोपीला चीर गेल्याचं आहे. टेप कमी पडली तर पाणी सोडल्यावर पाच-दहा मिनिटांत थेंब दिसतो. प्लॅस्टिकची चीर मात्र ताणाखाली सावकाश लांबते. पाईप सोडवा, टोपी कोरडी पुसा आणि तोंडाच्या कडेला मोबाइलचा टॉर्च तिरका धरा. आट्यांना आडवी छेदून जाणारी केसाएवढी रेघ दिसली तर ती टोपी बाद. तिच्यावर कुठलाही लेप टिकत नाही.

चीर पडली ती पितळी निपलमुळे. निपलचे आटे निमुळते असतात, म्हणजे जितकं आत जाईल तितकं ते पाचरीसारखं काम करतं. लोखंडी सॉकेटमध्ये हीच पाचर पाणी अडवते. प्लॅस्टिकच्या तोंडात तीच पाचर तोंड फाडते, आणि टेपचे वेढे वाढवले की पाचर आणखी जाड होते. म्हणजे दुसऱ्यांदा तुम्ही जे दोन उपाय केलेत त्या दोघांनी मिळून टोपी फोडली. टोपीच्या तोंडात पितळेची रिंग बसवलेली असेल तरच पितळी निपल चालतं. साध्या प्लॅस्टिकच्या तोंडाला प्लॅस्टिकचाच एमटीए (एका टोकाला बाहेरून आटे, दुसऱ्या टोकाला पाईप चिकटवायची जागा असलेली फिटिंग) लावायचा. तोंड एक इंची असेल तर एमटीएही एक इंची घ्या आणि पाऊण इंचीवर उतरायचं ते पुढे पाईपवर, चिकटवायच्या रिड्यूसरने. टोपीच्या तोंडात रिड्यूसर बुश घालू नका.

नवं हाउसिंग घेताना आटे तपासा. आपल्याकडे दुकानातली फिटिंग बीएसपी, म्हणजे ब्रिटिश पद्धतीच्या आट्यांची असतात. ऑनलाइन मागवलेली काही हाउसिंग अमेरिकन एनपीटी आट्यांची निघतात. अर्धा आणि पाऊण इंचीत दोन्हींना इंचाला १४ आटे असल्यामुळे ती एकमेकांत सुखाने शिरतात, पण एका आट्याचा कोन ५५ अंशांचा आणि दुसऱ्याचा ६० अंशांचा, त्यामुळे मधल्या फटीतून पाणी गोल फिरत बाहेर येतं. एक इंचीत निदान लगेच कळतं. बीएसपीला इंचाला ११ आटे, एनपीटीला साडेअकरा, त्यामुळे दोन-तीन फेऱ्यांतच अडतं. म्हणून दुकानातच एमटीए टेप न लावता हाताने फिरवून पाहा. तीन-चार फेरे अलगद गेले पाहिजेत.

आता जोडणी. आधी एमटीए पाईपच्या तुकड्याला सोल्युशनने (पाईप चिकटवायच्या द्रावाने) चिकटवा, तेही हाउसिंगपासून दूर, आणि सुकल्यावरच टोपीत फिरवा. उलट क्रमाने केलंत तर सोल्युशनचा ओघळ आट्यांत उतरतो. पारदर्शक बाउलला तर सोल्युशनचा हातही लावू नका, त्यातल्या द्रावकाने बाउलवर बारीक जाळी पडते आणि तो तिथेच फुटतो. पावसाळ्यातल्या दमट हवेत सोल्युशन सुकायला वेळ घेतं. डब्यावर काहीही लिहिलेलं असो, पुरे चोवीस तास पाणी सोडू नका.

टेप लावताना आट्यांचं तोंड आपल्याकडे धरा आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळा. उलट गुंडाळली तर फिटिंग फिरवताना टेप सुटून गोळा होते आणि बाहेर झुरमुळ्या दिसतात. टोकाचा पहिला आटा उघडा सोडा, नाहीतर टेपचा तुकडा तुटून पाण्याबरोबर पुढे जातो आणि नळाच्या जाळीत अडकतो. बाजारातली साधी पांढरी टेप पातळ असते. ती ताणून, आट्यांचे कंगोरे खालून दिसतील अशी बसवली तर एक इंचीला आठ ते दहा वेढे पुरतात. ताग, सुताचा धागा आणि सफेदा लोखंडी पाइपासाठी ठीक. ताग ओला होऊन फुगतो आणि प्लॅस्टिकचं तोंड आतून ढकलतो, त्यामुळे इथे तो नकोच.

हाताने जाईल तितकं घट्ट करा आणि मग पान्याने एक ते दीड फेरा. तेवढंच. एल्बो सरळ रेषेत यावा म्हणून थोडं मागे फिरवलंत तर तो सांधा गेला असं समजा, सोडवून नवी टेप लावा. एल्बोची दिशा जुळवायची असेल तर ती सोल्युशनच्या सांध्यात जुळवा, आट्यांत नाही.

हाउसिंगच्या दोन्ही बाजूंना युनियन (हवा तेव्हा सोडवता येणारा सांधा) घाला. आणि जागा असेल तर बायपास (फिल्टर टाळून जाणारी वाट) करा : दोन टी, तीन बॉल व्हॉल्व्ह, दोन युनियन, दोन एमटीए आणि भिंतीप्रमाणे एल्बो. फिल्टर काढून ठेवला तरी घरात पाणी राहतं आणि घाईने, ओल्या आट्यांवर सांधा बसवायची वेळ येत नाही. टोपीवर आत आणि बाहेरची दिशा बाणाने दाखवलेली असते. उलटं जोडलं तर गळत नाही, पण पाणी कार्ट्रिजच्या आतून बाहेर वाहतं आणि ती लवकर तुंबते.

चाचणी करताना बाहेर जाणारा नळ उघडा ठेवा आणि आत येणारा कॉक थोडासाच उघडा. बाउल भरू द्या, टोपीवरचं लाल बटण दाबून हवा सोडा, नळ बंद करा आणि मग कॉक पूर्ण उघडा. सगळं कोरड्या फडक्याने पुसून सांध्यांवर अंगाला लावायची टाल्कम पावडर भुरभुरवा. पाणी नेहमी खाली, बाउलच्या बुडाशी टपकतं, त्यामुळे माणूस बाउललाच दोष देतो. पावडरवर मात्र ओल सुरू होते ती जागा काळपट होऊन दिसते. सगळ्यात वरचा काळा डाग म्हणजे गळती. दहा मिनिटांनी पाहा, तासाने पाहा, आणि रात्रभर खाली वर्तमानपत्र अंथरून ठेवा.

*प्रश्न : कार्ट्रिज बदलली की दर वेळी बाउल आणि टोपीच्या मधून पाणी येतं. रिंगला व्हॅसलीन लावतो, पाना मारतो. तरीही. (देवगड)*

उत्तर : पाना बाजूला ठेवा आणि व्हॅसलीनही. पाणी अडवते ती रबराची रिंग, बाउलचे आटे नव्हेत. आटे फक्त बाउल जागेवर धरतात. रिंग खोबणीत नीट बसली असेल तर हाताने घट्ट केलेला बाउल गळत नाही. नीट बसली नसेल तर पान्याने ती चेपून कडेला येते, चिमटते आणि कायमची चपटी होते. कंपनी पाना देते तो उघडण्यासाठी.

व्हॅसलीन पेट्रोलियमचं असतं. हाउसिंगच्या बऱ्याच रिंगा ईपीडीएम रबराच्या असतात आणि त्या पेट्रोलियमने फुगतात, मऊ पडतात. मग पुढच्या वेळी रिंग खोबणीपेक्षा लांब झालेली आढळते आणि कुठेतरी वळी घेऊन बसते. खोबरेल तेलही नको, ते चिकट होऊन त्यात गाळ धरतो. सिलिकॉन ग्रीस मिळतं, आरओच्या सुट्या भागांच्या दुकानात मागा, पिण्याच्या पाण्यासाठी चालणारं. हरभऱ्याच्या दाण्याएवढं बोटावर घेऊन रिंगभर चोळलं की झालं, रिंग फक्त चमकली पाहिजे.

बदलायची पद्धत अशी ठेवा. आत येणारा कॉक बंद, पुढचा नळ उघडा, मग लाल बटण दाबून दाब सोडा. दाब न सोडता पाना लावला तर बाउल जागचा हलत नाही, आणि तेव्हाच लोक पान्याला पाईप जोडून जोर करतात. खाली बादली ठेवा. जम्बोचा भरलेला बाउल एका हाताने पेलत नाही, दुसरा माणूस घ्या. रिंग नखाने नव्हे, लाकडी काडीने उचला. खोबणीत बोट फिरवून रेतीचा कण राहिला नाही ना ते बघा. आपल्याकडच्या लाल मातीत बारीक कडक कण असतात, आणि असा एक कण रिंगखाली राहिला तरी थेंब सुटतो. टोपीची आतली कडाही पुसा, ती सगळे विसरतात. बाउल साबणाने धुवा. थिनर, रॉकेल, ॲसिड लावू नका.

रिंग दोन बोटांत वाकवून पाहा. बाहेरच्या बाजूला बारीक भेगा दिसल्या किंवा तिचा गोल काप चपटा झाला असेल तर बदला. नवी आणताना जुनी सोबत न्या, अंदाजाने आणलेली रिंग बसत नाही. एक जादा आणून टोपीला दोऱ्याने बांधून ठेवावी. गळती सुरू होते ती बाजार बंद असल्या दिवशी.

तुमच्याकडे दर वेळी कार्ट्रिज बदलल्यावरच गळतं, म्हणून आणखी एक तपासा. दहा इंची म्हणून मिळणाऱ्या कार्ट्रिज प्रत्यक्षात दोन लांबीच्या असतात, पावणेदहा इंच आणि पूर्ण दहा इंच, म्हणजे साधारण २४८ आणि २५४ मिलिमीटर. पावणेदहाच्या हाउसिंगमध्ये दहाची घातली तर बाउल दोन सूत (पाव इंच) वरच अडतो आणि रिंगवर दाब येत नाही. उलट झालं तर बाउल कोरडा, पण पाणी कार्ट्रिजच्या टोकावरून गाळासकट पळतं आणि गाळणं होतच नाही. जुनी आणि नवी शेजारी उभी करून बघा, एवढंच.

*प्रश्न : प्लंबरने फिल्टर पंपाच्या चढत्या लाइनवर लावला, म्हणजे टाकीतच स्वच्छ पाणी जाईल. एका मोसमात दोन बाउल फुटले. हाउसिंग खराब आहे का? (राजापूर तालुका)*

उत्तर : हाउसिंगपेक्षा जागा खराब आहे. बहुतेक हाउसिंगवर १२५ पीएसआयची मर्यादा लिहिलेली असते, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे ८.८ किलो. मोठी वाटते, पण ती नव्या बाउलसाठी आणि शांत दाबासाठी आहे. दहा मीटर पाण्याचा स्तंभ म्हणजे एक किलो दाब. टाकी नळापासून चार मीटर उंच असेल तर उतरत्या लाइनवर ०.४ किलो येतो, बाउलला तो जाणवतही नाही. चढत्या लाइनवर मात्र कार्ट्रिज तुंबली की पंप आपला पूर्ण जोर बाउलमध्ये ओततो. बोअरचा सबमर्सिबल साठ-सत्तर मीटर किंवा त्याहून जास्त हेडचा (म्हणजे तेवढ्या उंचीवर पाणी चढवणारा) असेल, म्हणजे सहा-सात किलोच्या पुढे. शिवाय पंप बंद झाला की वर चढलेलं पाणी मागे येऊन आदळतं. प्रत्येक चालू-बंदला एक धक्का. चीर बहुतेक बाउलच्या गळ्यापाशी, आट्यांच्या खाली पडते आणि फुटतो तो रात्री, घरात कोणी जागं नसताना.

फिल्टर टाकीनंतरच्या लाइनवर आणा. टाकीतून बाहेर जाणारा पाईप तळापासून दोन इंच वर असू द्या, खाली गाळ बसतो. दाब कमी असल्यामुळे पाच मायक्रॉनची (मायक्रॉनचा आकडा जितका लहान तितकं गाळणं बारीक) दहा इंची कार्ट्रिज तिथे नळाची धार मारून टाकते. वीस इंची जम्बो, २० किंवा ५० मायक्रॉन घ्या.

चढत्या लाइनवर काही हवंच असेल तर ठिबक सिंचनाचा डिस्क फिल्टर लावा, १२० मेशचा (मेश म्हणजे इंचात जाळीची किती भोकं, तो आकडा). आंबा-काजूच्या बागांना पाणी देणाऱ्यांकडे तो असतोच. कार्ट्रिज नाही, चकत्या धुवायच्या आणि परत घालायच्या. त्यावरची दाबाची मर्यादा पंपाच्या पूर्ण हेडशी ताडून घ्या. पाण्याचा लाल रंग त्याने जात नाही, पाला आणि रेती अडते, आणि पुढच्या जम्बोचं आयुष्य वाढतं.

*प्रश्न : चिऱ्याच्या भिंतीत ब्रॅकेट टिकत नाही. प्लग फिरतो आणि हाउसिंग पाईपवरच लटकतं. (वेंगुर्ला)*

उत्तर : चिरा म्हणजे जांभा, मऊ आणि भोकाळ, त्यामुळे छोटा प्लग त्यात धरतच नाही. हातोड्याच्या ड्रिलने भोक आणखी मोठं होतं, म्हणून ठोक्याशिवाय, नुसतं फिरवून पाडा. १० मिलिमीटरचं भोक, चार इंच खोल, चिऱ्याच्या पोटात (सांध्याच्या मातीत नव्हे). फुंकून धूळ काढा, भोक ओलं करा, सिमेंटची घट्ट लापशी भरा आणि प्लग किंवा सागाची गट्टी त्यात ठोका. दोन दिवस हात लावू नका. जड जम्बोसाठी आधी भिंतीला चार जागी पाऊण इंची वॉटरप्रूफ प्लायची फळी बसवा आणि ब्रॅकेट फळीला. वजन चार ठिकाणी वाटलं जातं.

स्क्रू स्टेनलेस घ्या, ३०४ किंवा समुद्र दिसत असेल तर ३१६. जस्ताचा मुलामा दिलेले स्क्रू खाऱ्या वाऱ्यात फार टिकत नाहीत, गंजून फुगतात आणि चिरा फोडतात. टोपी ब्रॅकेटला धरणारे छोटे स्क्रू मात्र सोबत आलेलेच वापरा. लांब स्क्रू भोकाच्या तळाला टेकतो आणि टोपी फोडतो.

हे गळतीच्या सदरात अशासाठी की हलणारं हाउसिंग गळतंच. बाउल उघडताना दिलेला सगळा पीळ टोपीच्या तोंडातल्या आट्यांवर जातो. दोन्ही बाजूंच्या पाइपाला अर्ध्या फुटात क्लॅम्प हवा, आणि पाईप आपणहून तोंडासमोर आला पाहिजे. ओढून आणून जोडलेला पाईप रात्रंदिवस तोंड वाकवत राहतो. बाउलच्या खाली तीन इंच जागा सोडा. पारदर्शक बाउल ऊन येईल अशा पडवीत लावू नका, महिन्याभरात आतून हिरवा होतो आणि उन्हाने प्लॅस्टिक ठिसूळ होतं.

*प्रश्न : आम्ही मुंबईत, घर मालवण तालुक्यात. गणपतीत आणि मे महिन्यात उघडतो. दर वेळी गेल्यावर पहिला दिवस फिल्टरची गळती काढण्यात जातो. (डोंबिवली)*

उत्तर : निघायच्या दिवशीच दहा मिनिटं द्या. कॉक बंद करा, दाब सोडा, बाउल काढा, कार्ट्रिज फेकून द्या. महिनोन्‌महिने साचलेल्या पाण्यातली कार्ट्रिज परत वापरायची नाही, ती कितीही पांढरी दिसो. बाउल आणि टोपी पुसून वाळवा, रिंग ग्रीस लावून झाकणाच्या पिशवीत घाला आणि बाउल सैल, एक-दोन फेरे फिरवून टांगून ठेवा. रिंग चेपलेल्या अवस्थेत सहा-सात महिने कोरडी राहिली तर चपटी होते, हेच तुमचं दुखणं. बायपास असेल तर लाइन त्यावर ठेवा. आल्यावर आधी टाकी धुवा, बायपासने पाच मिनिटं पाणी सोडून द्या आणि मगच नवी कार्ट्रिज घाला, नाहीतर टाकीतला सगळा गाळ पहिल्याच दिवशी तिच्यात बसेल. पारदर्शक बाउल पाच वर्षांनी बदलून टाकलेला बरा, बंद घरात फुटला तर बघायला कोणी नसतं.

*प्रश्न : पाच मायक्रॉनचा फिल्टर आहे, कुठेही गळत नाही. तरी बोअरचं पाणी बादलीत तासाभराने पिवळं पडतं. (कुडाळ)*

उत्तर : ते विरघळलेलं लोह आहे. जमिनीतून येताना पाणी नितळ असतं, हवा लागली की लोहाचे कण होतात. फिल्टरपाशी ते अजून पाण्यात विरघळलेलं असतं, म्हणून पाच काय, एक मायक्रॉनमधूनही निघून जातं. टाकीत पाणी झारीसारख्या तोंडातून उंचावरून पाडा, काही तास ठरू द्या, मग फिल्टरमधून घ्या. लोह जास्त असेल तर लोह काढणाऱ्या माध्यमाची वेगळी टाकी लागते, उलट धुवायच्या सोयीसह. खाडीकाठच्या विहिरीला मे महिन्यात येणारा खारेपणाही असाच, कुठल्याही गाळाच्या कार्ट्रिजने जात नाही.

*प्रश्न : टोपीला बारीक चीर आहे. एमसील लावून भागेल का? (अलिबाग)*

उत्तर : नाही. टोपी पॉलिप्रॉपिलीनची असते आणि त्यावर इपॉक्सी धरत नाही, सुकल्यावर पापुद्र्यासारखी सुटते. बायपास उघडा, हाउसिंग बंद ठेवा, नवीन येईपर्यंत नळाला सुती फडकं बांधा आणि पिण्याचं पाणी उकळून घ्या.